दुधाच्या दातांना आलेली किंमत

आमच्या लहानपणी दुधाच्या दाताला घरात कुणी विचारत नसे. हलायला लागला की दिवसभर जिभेनं ढकलायचा, वर्गात बाकाखाली मान घालून दोन बोटांनी पिळायचा, आणि तरी बधला नाही तर काकांपुढे उभं राहायचं. काका "बघू तरी, किती हलतोय" म्हणायचे आणि आपण 'आ' करतोय तोवर दात त्यांच्या चिमटीत. मग मिठाच्या पाण्याची चूळ. दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर भिरकवायचा. शेजारचे तुळशीत पुरायचे, कुणी उंदराच्या बिळाशी नेऊन ठेवायचे. उंदरासारखे बारीक, बळकट दात यावेत, एवढंच मागणं. डॉक्टर नावाचा माणूस या सगळ्यात कुठेच नव्हता.

घासायला राखुंडी, नाहीतर माकडछाप काळी पावडर. ब्रश म्हणजे उजव्या हाताचं पहिलं बोट. आजीची मिश्री तव्यावर भाजायला घेतली की घरभर ठसका उठायचा, आणि एखाद्या पोरीची दाढ ठणकायला लागली की त्याच डबीतली चिमूट दाढेत दाबली जायची. तंबाखूच ती, ठणका बधिर व्हायचा. कित्येक बायकांची मिश्री अशी दाढदुखीच्या निमित्तानं सुरू झाली आणि मरेपर्यंत सुटली नाही.

राखुंडीचं कौतुक हल्ली फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. राख खरखरीत असते, दातावरचं कवच ती झिजवते. आमच्यापैकी ज्यांचे दात बरे राहिले त्यांचे ते राहिले, कारण दिवसभर चघळायला काही नव्हतं. लिमलेटची गोळी पाहुण्यांच्या खिशातून यायची, बिस्किटाचा पुडा ताप आला की. गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि लाळ ते सावकाश निवळत नेते. मध्येच पुन्हा काही तोंडात गेलं की लाळेची मेहनत पाण्यात. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, यावर दाताचं नशीब ठरतं. आमच्या गरिबीनं हे गणित न शिकवता सोडवलं होतं.

ज्यांच्या दाढा किडायच्या त्यांचे मात्र हाल. बाजाराच्या दिवशी दाताची कीड काढणारी बाई यायची. निखाऱ्यांवर तेलात भिजवलेलं रिंगणीचं बी टाकायची, वर नळी धरून पोराला धुरी घ्यायला लावायची. डोळ्यांतून, नाकातून पाणी, तोंडातून लाळेची धार. ती लाळ परातीतल्या पाण्यात पडली की बाई बारीक पांढरं काहीतरी काडीनं उचलून दाखवायची, "ही बघा अळी." भोवतीची माणसं माना डोलवायची. दातात अळी नसतेच, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं, आणि धुरीनं घटकाभर बरं वाटायचं हेही खरं. आमच्याकडे त्यापेक्षा लवंगेच्या तेलाचा बोळा चालायचा. त्यात तथ्य होतं. त्या तेलातलं युजेनॉल दाताच्या दवाखान्यात आजही वापरतात.

दाताचा डॉक्टर तालुक्याला. दाराबाहेर रंगवलेल्या कवळीची पाटी, आत स्टोव्हवर उकळणारी काचेची सिरिंज आणि चाकांवरून दोरी फिरणारं दात कोरायचं यंत्र. ते सावकाश फिरायचं, म्हणून हादरा थेट कवटीत जायचा. 1957 साली परदेशात हवेवर चालणारं, मिनिटाला लाखो फेरे घेणारं यंत्र बाजारात आलं, पण ते आमच्या तालुक्याला यायला फार वर्षं गेली. तोवर मोठ्यांसाठी चांदी भरायची आणि पोरांसाठी पक्कड. "दुधाचाच आहे, पडायचाच आहे," एवढं बोलून काम आटपे. वरची दाढ काढली की डोळे जातात, ही भीती असायची, पण ती फक्त मोठ्यांच्या दाढेबाबत.

त्या पक्कडीची किंमत पुढे कळायची. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. ती कोणाच्याही जागी येत नाही, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. पुढची दाढ वेळेआधी उपटली तर ही मोकळी जागा बघून पुढे सरकते, आणि ज्या दाताची ती जागा होती तो येतो तेव्हा उभं राहायला ठिकाण उरत नाही. माझ्या पिढीतले वेडेवाकडे दात तपासून पाहिले तर बरेच असे बेघर झालेले निघतील. दातावर दात आलेलं पोर नशीबवान म्हणत, तेवढंच समाधान.

मध्यंतरी अक्काच्या पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आम्ही पुण्यातल्या लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात गेलो. छताला टीव्ही, त्यावर कार्टून. डॉक्टरबाईंनी आधी पाण्याचा फवारा त्याच्या नखावर उडवून दाखवला, मग दातावर. हिरडीला स्ट्रॉबेरीच्या वासाची जेल लावली आणि सुईचं नाव न घेता "आता दाताला झोपेचं पाणी देऊ या हं" म्हणाल्या. पोरगं टीव्हीत गुंग. दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, वर स्टीलची कॅप बसली. बिल काही हजारांत. अक्का पुटपुटलीच, "पडणाऱ्या दाताला एवढे?"

"आजी, ही दाढ दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत पडायची नाही. तोवर त्यानं जेवायचं कशानं?"

अक्काजवळ उत्तर नव्हतं. दाढेच्या खाचा बुजवणारं सीलंट, काढलेल्या दाढेची जागा राखणारी तार, तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच फ्लोराइड पेस्ट, हे सगळं त्या दुपारी आम्ही ऐकलं. मला हेवा वाटला तो यंत्रांचा नाही. पोर खुर्चीवरून उतरून रिसेप्शनवरच्या ताईला स्टीलची दाढ दाखवायला धावलं, त्याचा. आमच्यातले निम्मे अजून दवाखान्याच्या पायरीवरून परततात.

पण दाढ किडली कशानं, हेही बाईंनी विचारलं. झोपताना तोंडात दुधाची बाटली, तीही साखर घालून, तिसऱ्या वर्षापर्यंत. झोपेत लाळ कमी होते, दूध रात्रभर दातांशी. पूर्वीच्या पोराला रात्री आईचा पदर होता, आताच्याला बाटली आणि दिवसा पाउचमधला ज्यूस. रोग आपण विकत घेतो आणि इलाजही.

2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतल्या मुलांचे दातही तपासले जातात. आमच्या गावच्या वहिनींच्या मुलाची दाढ तशीच तपासणीत सापडली. तालुक्याला पाठवलं, तिथं सांगितलं, दाढ वाचेल, पण तीन खेपा होतील. वहिनींनी रोजगार मोजला, एसटीचं भाडं मोजलं आणि म्हणाल्या, "काढूनच टाका डॉक्टर, दुधाचीच तर आहे."