लायसन, नोटीस आणि एक ई-मेल

बोदवडच्या बाजार समितीत एखाद्या अडत्याचं लायसन रद्द करायचं असेल तर काय करावं लागतं, माहितीये का? तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही म्हणा. तुम्ही हिंजवडीत नाहीतर खराडीत बसून हे वाचत असणार, आणि बोदवड म्हणजे भुसावळहून अकोल्याकडे जाताना तुमची एक्स्प्रेस बहुधा न थांबता सोडून जाते ते स्टेशन. एवढी ओळख असली तरी खूप झालं :-)

तर सांगतो. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ सालचा. त्यात म्हटलंय की लायसन निलंबित किंवा रद्द करायचं तर कारण लेखी नोंदवायचं, आणि त्याआधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची. निर्णय पटला नाही तर वर अपील करायची सोय आहे. आता बाजार समिती म्हणजे काही रामराज्य नाही. वजनावरून, हमालीवरून, भावावरून रोज भांडणं. निवडणुका आल्या की राजकारण. पण एखाद्याचं पोट ज्यावर चालतं ते काढून घ्यायच्या आधी त्याला विचारायचं, एवढी अक्कल त्या कायद्याला साठ वर्षांपूर्वी होती.

हे सगळं डोक्यात यायला कारण माझा एक मित्र. आम्ही दोघं बोदवडचे, बांभोरीच्या कॉलेजात बरोबर होतो. मी पुण्याला आलो आणि तो गावीच राहिला. घरची शेती, वडिलांची तब्येत वगैरे. त्याने एक साधं अ‍ॅप बनवलं होतं. बोदवड, मलकापूर, जामनेर, मुक्ताईनगर इथले मका, ज्वारी, हरभरा, तूर यांचे रोजचे भाव. सकाळी फोनाफोनी करून तो स्वतः आकडे भरायचा. दिसायला यथातथाच, पण शेतकरी वापरायचे, कारण आकडे बरोबर असायचे. जाहिरातींतून महिन्याला थोडेफार पैसे सुटायचे. तीन वर्षं चाललं.

आणि मग एक दिवस अ‍ॅप स्टोअरचा मेल आला. (कोणतं स्टोअर ते मुद्दाम लिहीत नाही. त्यांची बाजू मला माहीत नाही, आणि एकाच बाजूने ऐकून नाव घेणं बरोबर नाही.) तुमचं डेव्हलपर अकाउंट कायमचं बंद करण्यात येत आहे, नवीन अकाउंट काढू नये, काढल्यास तेही बंद होईल. कारण? आधी बंद केलेल्या एका अकाउंटशी तुमचा संबंध आढळला. कोणतं अकाउंट? कसला संबंध? त्याबद्दल एक अक्षर नाही.

त्याने अपील केलं. काही तासांत उत्तर आलं की आम्ही पुन्हा तपासलं, निर्णय कायम आहे. पुन्हा लिहिलं तर तेच उत्तर, स्वल्पविरामासकट.

त्याच्या वडिलांनी मला फोनवर विचारलं, "काबरं बंद केलं ते तं सांगतीन ना ते?" मी काय सांगणार! काका, ते सांगत नाहीत. "मंग जाऊन भेटता नाही येत का?" नाही काका, भेटायला ऑफिसच नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. आयुष्यभर तहसील, तलाठी, सोसायटी, बँक यांच्या पायऱ्या झिजवलेला माणूस. या सगळ्यांवर त्यांचा भरपूर राग आहे, पण जिथे पायरीच नाही असं ऑफिस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मित्र शंभर टक्के निर्दोष आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. माझा त्याच्यावर विश्वास आहे, पण पुरावा नाही. त्याने कधी कोणाचा जुना लॅपटॉप वापरला असेल, कोणा फ्रीलान्सरला लॉगिन दिलं असेल आणि त्याने पुढे दुसरीकडे काही उद्योग केले असतील. शक्य आहे. मुद्दा असा की हे मला ठरवता येत नाही, त्यालाही येत नाही. आरोपच माहीत नसेल तर माणूस खुलासा कशाचा करणार?

बरं, आता दुसरी बाजू. ती मला जरा जास्त कळते, कारण ऑफिसात माझं काम याच प्रकारचं आहे. व्यवहारातली फसवणूक पकडणाऱ्या सिस्टीमसाठी आम्ही नियम लिहितो. चोर लोक भयंकर हुशार असतात. एक अकाउंट बंद केलं की दुसऱ्या दिवशी मावशीच्या नावाने नवीन. त्यामुळे 'संबंधित अकाउंट' पकडणं ही गरज आहे, दुष्टपणा नव्हे. कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सचं प्रकरण आठवा. दोन-पाच हजारांचं कर्ज द्यायचं, फोनमधले सगळे नंबर उचलायचे आणि वसुलीसाठी नातेवाइकांना घाणेरडे मेसेज पाठवायचे. लोकांनी जीव दिले त्यापायी. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने साडेतीन-चार हजार कर्जाची अ‍ॅप्स तपासून अडीच हजारांहून जास्त काढून टाकली, असं सरकारने संसदेत सांगितलं. त्या प्रत्येकाला महिन्याची नोटीस देत बसले असते तर त्या महिन्यात आणखी किती घरं नासली असती?

म्हणजे झाडू हवाच. प्रश्न झाडू किती मोठा आहे आणि तो फिरवणाऱ्याला मागे वळून बघावं लागतं का, हा आहे.

किती मोठा? गूगलच्याच आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये त्यांनी ३ लाख ३३ हजार वाईट अकाउंट्स बंद केली आणि २०२४ मध्ये १ लाख ५८ हजार. समजा त्यांची सिस्टीम अफाट चांगली आहे आणि शंभरात एकदाच चुकते. (हा १ टक्का माझा, हिशोबापुरता. खरा आकडा त्यांनाच माहीत.) तरी २०२४ मध्ये दीड हजारांवर माणसं विनाकारण बाहेर गेली. ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये ९९ टक्के अचूकता म्हटलं की टाळ्या पडतात. उरलेल्या एक टक्क्यात बोदवडचा एक पोरगा असू शकतो, हे कुठल्याच स्लाइडवर येत नाही.

आणि मोठ्यांचं काय होतं तेही बघा. १८ सप्टेंबर २०२० ला पेटीएमचं अ‍ॅप प्ले स्टोअरवरून गायब झालं. जुगाराच्या नियमाचा भंग, असं कारण होतं. त्यांची क्रिकेटची कॅशबॅक योजना चालू होती. देशभर बातमी झाली, पेटीएमने ती योजना काढली आणि त्याच दिवशी अ‍ॅप परत आलं. मग १ मार्च २०२४. गूगलने दहा भारतीय कंपन्यांवर कारवाई सुरू केली. त्यात आपल्या मुंबईचं शादी डॉट कॉम होतं, भारत मॅट्रिमनी होतं, नोकरी आणि ९९ एकर्स होती. भांडण प्ले स्टोअरच्या फीवरून. गूगलचं म्हणणं होतं की या कंपन्या आमच्या सेवेचे पैसे देत नाहीत, आम्ही त्यांना भरपूर मुदत दिली, आणि सुप्रीम कोर्टानेही फेब्रुवारीत त्यांना अंतरिम दिलासा दिलेला नाही. यात तथ्य होतंच. पण अश्विनी वैष्णव म्हणाले की अशी अ‍ॅप्स काढणं चालू देणार नाही, बैठका झाल्या आणि पाच तारखेपर्यंत अ‍ॅप्स परत आणण्याचं ठरलंसुद्धा.

मला या दोन्ही प्रकरणांत कोण बरोबर होतं यापेक्षा वेगळ्याच गोष्टीची गंमत वाटते. दोन्हीकडे कारण माहीत होतं, म्हणून भांडता आलं. आणि दोन्हीकडे उचलायला फोन होता. एकाकडे मीडिया, दुसऱ्याकडे मंत्री. माझ्या मित्राकडे काय होतं? 'या मेलला उत्तर देऊ नका' असं लिहिलेला एक मेल.

आता कोणी म्हणेल, अरे बाबा, दुकान त्यांचं. पाहिजे त्याचा माल ठेवतील. खाजगी करार आहे, तू 'आय अ‍ॅग्री' वर क्लिक केलंस ना? कायद्याने हे बरंचसं खरंही आहे. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांबद्दल निकाल देताना उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि हटवण्याआधी सर्वसाधारणपणे नोटीस द्यायला हवी असं म्हटलं. पण तिथे समोर मुंबई महापालिका होती, म्हणजे सरकारी यंत्रणा. कंपनीच्या दारात तोच हक्क तसाच्या तसा नेता येत नाही.

पण हे खरंच 'दुकान' आहे का? किराणा दुकानदाराने माझी पापडं ठेवली नाहीत तर मी पलीकडच्या दुकानात जाईन. तालुक्यातल्या यच्चयावत गिऱ्हाइकांपर्यंत जायचे रस्ते दोनच असतील, आणि त्यातल्या एकाने गेट लावलं तर त्याला दुकान म्हणत नाहीत, त्याला बाजार म्हणतात. आणि बाजाराचा मालक स्वतःही त्याच बाजारात माल विकत असेल, तर बाकीच्यांना जास्त खात्री हवी. आपल्या स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ ला प्ले स्टोअरच्या बिलिंग नियमांवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड ठोकला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला, पण बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर झाला हे काही मुद्द्यांवर मान्य केलं. दुकान म्हणून हात झटकायचे दिवस गेले, एवढं यातून नक्की दिसतं.

मग करायचं काय? युरोपने एक नियम केला होता, १२ जुलै २०२० पासून लागू झाला. प्लॅटफॉर्मने व्यावसायिकाचं खातं बंद करायचं तर कारणं लेखी द्यायची, पूर्ण बंद करायचं तर तीस दिवस आधी सांगायचं (वारंवार नियम मोडणाऱ्यांना ही सवलत नाही), तक्रार ऐकायची अंतर्गत व्यवस्था ठेवायची आणि मध्यस्थांची नावं द्यायची. आपल्या १९६३ च्या कायद्याचा युरोपियन चुलतभाऊच म्हणा ना :-)

यावर कंपन्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा की कारण सांगितलं तर चोर शहाणे होतात. आमच्या ऑफिसातही हे रोज ऐकतो, आणि ते खोटं नाही. पण यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. चोर कसा पकडला ते सांगू नका, पण चोरी कोणती ते तर सांगाल? 'अमुक नावाच्या अकाउंटशी तुमचा अमुक तारखांना संबंध दिसतो' एवढं सांगितल्याने कुठलंही गुपित फुटत नाही. आणि ज्याचं अकाउंट कालच उघडलंय तो आणि तीन वर्षं रोज सकाळी ज्वारीचे भाव भरणारा, या दोघांना एकाच मापाने तोलायची काय गरज? पैशाला किंवा जिवाला धोका असेल तर आधी बंद करा, मग ऐका. बाकी ठिकाणी आधी ऐका. अपील पहिल्या निर्णयाशी संबंध नसलेल्या माणसाने वाचावं आणि शेवटी कंपनीच्या बाहेरचं कोणीतरी असावं. फुकट नको, अपिलाला फी ठेवा हवं तर. मित्र आनंदाने भरेल.

खर्च वाढेल, हो. पण प्रत्येक विक्रीवर टक्केवारी घेणाऱ्या बाजाराने तक्रारीचं एक टेबल मांडू नये, इतकी परिस्थिती हलाखीची आहे असं काही वाटत नाही.

मित्राचं सध्या असं चाललंय की एक साधी वेबसाइट आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी एक मेसेज. जुन्यापैकी निम्मे लोकही परत आले नाहीत. जाहिरातीचे पैसे जवळपास बंद. भुसावळला एका ठिकाणी अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरची कामं करतो. मी म्हटलं, माझ्या नावाने अकाउंट काढून देतो. त्याने नाही म्हणून सांगितलं. म्हणाला, "उद्या ते तुलाही 'संबंधित' म्हणून बंद करतीन, मंग तुझ्या नोकरीचं काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर जरूर सांगा.