वीस मिलिसेकंद

एमआरआयवर माझ्याच हृदयाचा पहिला आकडा आला १५ मिलिसेकंद. २० च्या खाली म्हणजे हृदयात लोह साठलंय. मला आयुष्यात कधी रक्त चढवलेलं नाही, मग लोह येणार कुठून? दोन दिवस सिक्वेन्सची, म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची, ओळ न् ओळ तपासली. चूक तिथे नव्हतीच. मी मोजत होतो ती बाजूची भिंत फुप्फुसाला लागून. तिथल्या हवेनं आणि शेजारच्या शिरेनं चुंबकक्षेत्र तसंही बिघडतं. हृदयाच्या मधल्या पडद्यावर मोजलं, तर ३८.

या मोजमापाला टी-टू-स्टार म्हणतात. लेझीमचा फड आठवा. हलगी थांबली तरी काही क्षण सगळे ताल धरून असतात, मग एकेकाचं पाऊल चुकू लागतं. शरीरातल्या हायड्रोजनचा संदेशही असाच विरतो; तो किती वेळात विरतो, तोच हा आकडा. लोह असलं की फारच लवकर. आकडा १० च्या खाली गेला, तर हृदय थकण्याचा धोका मोठा.

थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागतं. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह येतं, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. पूर्वी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, आणि यकृतातलं लोह यांवरून हृदयाचा अंदाज बांधत. यकृतात लोह कमी असूनही हृदय भरलेलं असू शकतं, हे २००१ मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या डडली पेनेल यांच्या गटानं दाखवलं. औषधं त्यानुसार बदलली आणि ब्रिटनमध्ये या रुग्णांचे हृदयाने होणारे मृत्यू खूप घटले. आमच्या क्षेत्रातली कितीतरी देखणी चित्रं मी पाहिली. या एका आकड्याइतकं मोठं काम मला दुसरं दिसत नाही.

सुरुवातीला त्यासाठी पुन्हा पुन्हा श्वास रोखावा लागे, आणि दर श्वासाला हृदय जरा सरके. आता प्रत्येक ठोक्याच्या त्याच क्षणी थोडं थोडं टिपत एका श्वासात काम होतं. तरी थकलेल्या मुलाला पंधरा सेकंदही जड जातात. त्यातला एक सेकंद वाचवायला मी महिने घालवलेत, आणि पुन्हा घालवीन.

उल्हासनगरपासून कच्छी, लोहाणा वस्त्यांपर्यंत हा आजार आपल्या शेजारी आहे. घरात असं मूल असेल आणि ते दहा वर्षांचं झालं असेल, तर फेरिटिनवर थांबू नका. हृदयाचा टी-टू-स्टार कधी करायचा, हे डॉक्टरांना विचारा.