नाव, गाव, साल

डिजिटल फोटो फ्रेमच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक अक्षरांत छापलेलं असतं ते तिच्यात किती हजार फोटो मावतात ते. आमच्या दिवाणखान्यातल्या फ्रेमचं काम माझ्याकडे आहे, आणि ते करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे : हा आकडा घेणाऱ्याची दिशाभूल करतो. फ्रेममध्ये तोच फोटो जावा ज्याच्याशेजारी माणसांची नावं, गाव आणि साल लिहिता येतं. बाकीचे फोटो फोनमध्ये, हार्ड डिस्कवर खुशाल राहोत. त्यांना जागा पुष्कळ आहे. भिंतीवरच्या त्या एका पडद्याला मात्र तोच नियम हवा, जो चांगल्या ग्रंथपालाला असतो : नोंद झाल्याशिवाय पुस्तक मांडणीवर जात नाही.

साधा हिशेब करून पाहावा. 6,000 फोटो, प्रत्येकाला 30 सेकंद, म्हणजे एक फेरी पुरी व्हायला 50 तास. फ्रेम दिवसाला 12 तास चालू ठेवली तरी एखादा फोटो चार दिवसांनी एकदा, अर्धा मिनिट दिसणार, आणि त्या अर्ध्या मिनिटात घरातलं माणूस बहुधा स्वयंपाकघरात असणार. तेच 120 फोटो असले तर फेरी तासाभरात होते. पणजीचा चेहरा रोज दहा-बारा वेळा समोरून जातो, जाता-येता दिसतो, आणि पाच वर्षांच्या मुलालाही ती परकी वाटेनाशी होते. चेहरा ओळखीचा होतो तो पुन्हा पुन्हा पाहून. पूर्वी ही निवड आपोआप व्हायची, कारण रोलला पैसे पडायचे. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या अ‍ॅग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात 120 नंबरच्या फिल्मवर बारा चौकोनी फोटो निघत, आणि ते बारा कुठे खर्च करायचे याचा आधी विचार होई. पुढे 36 फोटोंचा रोल आला तरी धुलाई आणि प्रिंटचे पैसे होतेच. दूरच्या घरी फोटो पाठवणाऱ्या फ्रेमसुद्धा सुरुवातीला अशाच मोजक्या होत्या. सन 2000च्या सुमारास अमेरिकेत सिव्हा नावाची फ्रेम निघाली. ती टेलिफोनच्या तारेवरून नवे फोटो उतरवून घेई, आणि एका वेळी थोडेच ठेवू शके. आता ना रोल आडवा येतो, ना तार. तेव्हा निवडण्याचं काम माणसावर आलं आहे, आणि ते टाळलं तर फ्रेम महिन्याभरात भिंतीच्या रंगासारखी होते : समोर असते, पण कोणी बघत नाही.

निवड कशाच्या जोरावर करायची, हा खरा प्रश्न. ‘चांगला फोटो’ ही कसोटी पुरत नाही. बोरन्हाणाचा एखादा फोटो घ्या. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट, मागे पितळी परात. फोटो देखणा आहे, पण बाळ कोणाचं? हलव्याच्या दागिन्यांमुळे संक्रांतीचा सुमार कळतो, बाळाच्या वाढीवरून त्याचं वयही कळतं, पण घराण्यातली अर्धी बाळं त्याच परातीशेजारी बसलेली असतात. नाव नसेल तर हा फोटो शेजारच्या घरच्या बाळाचाही असू शकतो. बायकांच्या बाबतीत हा घोळ आणखी खोल जातो. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायची चाल होती, त्यामुळे एकच बाई माहेरच्या आल्बममध्ये एका नावाने असते आणि सासरच्या आल्बममध्ये दुसऱ्या. त्यातून फोटोमागे काही लिहिलेलं असलंच, तर ते ‘काकू’, ‘वन्स’, ‘नानांची सूनबाई’ असं. लिहिणाऱ्याला ते पुरेसं होतं. पण एकाची आत्या ती दुसऱ्याची आजी आणि तिसऱ्याची मावशी. दोन पिढ्यांनी नातं बदलतं आणि ती बाई नावाशिवाय उरते. पुरुषांची नावं सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, दुकानाच्या पाटीवर कुठे ना कुठे सापडतात. बायकांची पुष्कळदा सापडतच नाहीत. म्हणून फ्रेमवर मी नातं न लिहिता पूर्ण नाव लिहिते, आणि बाईचं असेल तर माहेरचं आणि सासरचं दोन्ही. एवढ्यासाठी तरी हा नियम पाळावा असं मला मनापासून वाटतं.

लिहायचं कुठे, याचं उत्तर पडद्याच्या मापातच आहे. दहा इंची फ्रेमचा पडदा बहुधा 1280 बाय 800 ठिपक्यांचा, म्हणजे आडवा असतो. फोनवर काढलेला उभा फोटो तीनास चार या मापाचा. तो पूर्ण दाखवला तर जेमतेम 600 ठिपक्यांची रुंदी व्यापतो, आणि निम्म्याहून जास्त पडदा काळा राहतो. हा काळेपणा नको म्हणून लोक ‘पडदा भरून दाखवा’ ही सोय चालू करतात. मग फोटोच्या उंचीचा निम्म्याहून अधिक भाग कापला जातो : लग्नातल्या जोडप्याच्या मुंडावळ्या वर जातात, पायाखालचे पाट खाली जातात, मधे नुसता शालू आणि उपरणं उरतं. माझा उपाय साधा आहे. 1280 बाय 800 मापाचं कोरं चित्र घ्यायचं, फोटो त्याच्या डाव्या कडेला पुरा ठेवायचा, आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेत डावीकडून उजवीकडे या क्रमाने नावं, खाली गाव, त्याखाली साल. क्लिक थ्रीचे जुने चौकोनी फोटो तर यासाठीच काढल्यासारखे बसतात. 800 ठिपके फोटोला गेले की 480 ठिपक्यांची पट्टी लिहायला उरते. अक्षरं सोफ्यावरून वाचता येतील एवढी मोठी हवीत. आणि हे सगळं चित्राचाच भाग असल्यामुळे कुठलीही फ्रेम, कितीही स्वस्त असो, देवनागरी नीट दाखवते. मूळ फोटोला मात्र हात लावायचा नाही, त्याची प्रत करून तिच्यावर लिहायचं.

साल लिहिण्याचा आग्रह कोणाला जास्तीचा वाटेल, कारण फोनच्या फोटोत तारीख आपोआप असते. असते, पण टिकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो आला की काढल्याची तारीख आणि जागा ही आतली माहिती गळून जाते. फाइलच्या नावात उरते ती तारीख फोटो पाठवल्या-मिळाल्याची. भावाने 1994चा मुंजीचा फोटो कालपरवा पाठवला, तर यंत्राच्या लेखी मुंज कालपरवाच झाली. आणि आपले बहुतेक घरगुती फोटो आता याच वाटेने घरात येतात. पडद्यावर पाहायला ते पुरतात, त्याबद्दल तक्रार नाही. जपून ठेवायला मात्र पाठवणाऱ्याकडून मूळ फाइलच मागून घ्यावी.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. शंभर-सव्वाशे फोटोंना नावं लिहायला कोणाला सवड आहे? पण हे काम एका बैठकीत करायचंच नाही. आठवड्याला पाच फोटो केले तरी सहा महिन्यांत फ्रेम भरते. शिवाय हे काम म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून करायचं आहे, आणि त्यांच्याकडे वेळ किती आहे हे आपल्या हातात नाही. दुसरं म्हणणं असं, की यंत्राने मनाला येईल तो फोटो काढून दाखवावा यातच गंमत आहे. ती गंमत मलाही मान्य आहे, आणि सव्वाशे फोटोंत ती तेवढीच असते, कारण क्रम यंत्रच लावतं. सहा हजारांत समोर येतात ते बरेचसे पावत्यांचे, पार्किंगच्या खांबांचे आणि एकाच केकचे फोटो.

तिसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. आपल्या घरांत भिंतीवर फोटो लागतो तो बहुधा गेलेल्या माणसाचा, हार घातलेला, आणि जिवंत माणसाचा फोटो तसा लावणं अशुभ मानतात. फ्रेममध्ये मात्र गेलेली आजी दिसते आणि लगोलग तिच्या पणतूचा वाढदिवस. काही वडीलधाऱ्यांना हे सोसत नाही, आणि ज्या घरात दुःख ताजं आहे तिथे तो फोटो काही महिने बाजूला ठेवणंच बरं. पण एरवी मला हे एकत्र येणं फ्रेमचं सगळ्यांत मोठं देणं वाटतं. हारातला फोटो एकच असतो, बहुतेकदा शेवटच्या वर्षांतला, आणि नातवंडांना आजी तेवढीच माहीत असते. फ्रेममध्ये ती परकर-पोलक्यातही दिसते, खाली तिचं माहेरचं नाव असतं, आणि आपण ज्यांना आजी म्हणतो त्यांना कोणी एके काळी दुसऱ्याच नावाने हाक मारत होतं हे मुलांना कळतं.

फोटो परदेशातल्या सर्व्हरवर जातात, ही भीतीही खोटी नाही. मुलांच्या फोटोंसाठी तर मी नुसत्या मेमरी कार्डावर चालणारी फ्रेमच पसंत करते. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014ला बंद झालं, गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021पासून थांबली. दुसऱ्याच्या कोठारावर विसंबू नये हे तेवढ्यावरूनही समजतं. घरातली एकच प्रत हाही भरवसा नव्हे. 1961च्या पानशेतच्या पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, 2019मध्ये सांगली-कोल्हापूरकडे पाणी घरांत शिरलं. ज्या फोटोची प्रत गावाबाहेर कोणाकडे असते, तोच अशा वेळी वाचतो. नावांसकट तयार केलेलं कार्ड भावंडांना एकेक देऊन ठेवलं की ते काम परस्पर होतं.

सगळ्यांत खरा आक्षेप माझ्या नियमावरच येतो. ज्या फोटोतली माणसं ओळखू येत नाहीत ते फ्रेमच्या बाहेर ठेवले, तर ते कोणी पाहणारच नाही, आणि मग ओळखणार कोण? याला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी नियमालाच एक अपवाद ठेवला आहे. गणपतीत, दिवाळीत नातेवाईक जमतात तेव्हा असे आठ-दहा फोटो फ्रेममध्ये घालायचे, आणि पट्टीवर नावाच्या जागी सरळ प्रश्न लिहायचा : डावीकडून तिसऱ्या कोण? चहा होईस्तोवर फ्रेमपुढे दोन-तीन डोकी जमतात आणि वाद सुरू होतो. मिळालेलं नाव तर लिहायचंच, पण ते कोणी सांगितलं हेही फाइलच्या नोंदीत ठेवायचं, कारण दोन आत्यांची उत्तरं पुष्कळदा जुळत नाहीत आणि पुढे पडताळायची वेळ आली तर कोणाकडे विचारायला जायचं ते ठाऊक हवं.