शिक्क्याची काच, बिननोंदीचा हात

आमच्या इंदुरात चहाची टपरी काढावयाची तर खाद्यपदार्थांच्या कायद्याखाली नोंदणी लागते. औषधे विकणाऱ्याचा परवाना तर गिऱ्हाइकाला दिसेल असा टांगलेला असतो. मोटारीचा चेपलेला पत्रा सरळ करणाऱ्याच्या किंवा फुटलेली काच बदलणाऱ्याच्या कामाचा दर्जा पाहणारा असा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे नाही. त्याच्यापाशी गुमाश्ता असतो. पण मध्यप्रदेशचा 1958 चा दुकानांविषयीचा कायदा कामाचे तास आणि नोकरांच्या सुट्या पाहतो, पत्रा कसा जोडला ते पाहत नाही.

मोटारीविषयी कायदा मुका आहे असे नव्हे. 1989 च्या केंद्रीय नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काचेच्या कोपऱ्यात मानकाचा शिक्का असतो. मोटार नोंदलेली, चालक परवानाधारक, नुकसान मोजणारा विम्याचा सर्व्हेअरही परवानाधारक. दुरुस्ती करणारा हात तेवढा बिननोंदीचा!

अँबॅसिडर आणि फियाटच्या काळी काच रबराच्या पट्टीत बसे, तेव्हा हे फारसे खुपत नसे. आता ती सांगाड्याला चिकटविलेली असते. मोटार उलटली तर टपाला ती आधार देते. अनेक मोटारींत चालकाशेजारची एअरबॅग फुगताना तिच्यावरच टेकते. कडेचा गंज न खरवडता काच लावली, किंवा चिकटद्रव्य वाळण्यापूर्वी मोटार रस्त्यावर आणली, तर ती ऐन वेळी निसटू शकते. वरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

आम्ही काच बदलून घेतली, तेव्हा पहिल्याच सरीला पाणी पायांशी आले. दुकानदार म्हणाला, "साहेब, पावसाळ्यात एवढे चालायचेच." हाती चिठ्ठी होती, तिच्यावर 'काच' हा एक शब्द आणि एक रक्कम. काच कोणत्या बनावटीची, हमी किती, कशाचाच उल्लेख नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा पाठीशी होता खरा, पण एका शब्दाच्या पुराव्यावर दावा तरी कसा उभा करावा?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1971 साली कायदा करून दुरुस्तीच्या दुकानांना नोंदणी सक्तीची केली. कामाआधी लेखी अंदाज द्यावयाचा, त्याहून अधिक खर्चाला गिऱ्हाइकाची संमती घ्यावयाची, बिलात प्रत्येक भाग नवा की वापरलेला ते लिहावयाचे. ही नोंदणी कारागिराची परीक्षा घेत नाही. दुकानाला जबाबदार धरते, आणि लबाडी आढळल्यास रद्द होते.

कोणी म्हणेल, नोंदणी आली की निरीक्षक आला, हप्ता आला, आणि झाडाखाली हातोडी चालविणारा गरीब मिस्त्री बुडाला. ही भीती खोटी नाही. म्हणूनच शुल्क नाममात्र असावे, शालेय प्रमाणपत्राची अट नसावी. लेखी अंदाज आणि तपशीलवार बिल एवढेच बंधन पुरे. आज प्रामाणिक मिस्त्री आणि लबाड दुकानदार यांच्या चिठ्ठ्या सारख्याच दिसतात, यात नुकसान प्रामाणिकाचेच अधिक आहे.

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर वाचकांनी काचेवरचा शिक्का स्वतः पाहावा, मोटार किती तासांनी हलवावयाची ते विचारावे आणि बिल सविस्तर लिहून घ्यावे. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही.