एका चाकाबद्दलचं माझं मत

एका चाकाची सायकल ही सर्कशीतली वस्तू, तिचा खेळाशी संबंध नाही, असं माझं ठाम मत होतं. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. अमरावतीला शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत कबड्डी, खो-खो, मल्लखांब शिकवला. खेळ कशाला म्हणायचं हे मला कळतं, असं मी समजत होतो. इतरही तसंच समजत होते, त्यामुळे ते मत कुणी तपासून पाहिलं नाही. मीही नाही. ते मोडलं तेव्हा त्याच्याखालून जे निघालं ते त्या सायकलीपेक्षा फार जुनं आणि वाईट होतं. लिहायचं आहे ते त्याबद्दल.

माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंग शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती धुळ्याला, देवपुरात माझ्या बहिणीच्या घरी, ही सायकल घेऊन आली. कुणाकडून तरी वापरलेली घेतली होती. सव्वीस इंची रिम आणि त्यावर चार इंच रुंदीचा टायर. हल्ली तरुण पोरं गावोगाव जाड टायरच्या सायकली फिरवतात, त्यांचाच टायर हिला बसतो. हँडल नाही, चेन नाही, फ्रीव्हील नाही. चाकावर उलटा चिमटा, चिमट्यावर सीट आणि पायडलचे दांडे थेट चाकाच्या एक्सलवर घट्ट बसवलेले. ही घेऊन ती डोंगरात जाते म्हणाली.

मी म्हणालो, “हे डोंबाऱ्याचे खेळ आपल्या घरात कशाला?”

बहीण गप्प बसली. भाची माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं मला समजावायला सुरुवात केली. तिच्याकडे माहिती भरपूर होती. जपानच्या शिक्षण खात्यानं १९८९ साली प्राथमिक शाळांच्या शारीरिक शिक्षणात एकचाकीचा समावेश केला, तिथली तिसरी-चौथीची मुलं शाळेच्या मैदानावर ती चालवतात. एकचाकीच्या जागतिक स्पर्धा १९८४ पासून भरतात, त्यांत डोंगर चढण्याच्या, उतरण्याच्या वेगळ्या शर्यती असतात. अलास्कात जॉर्ज पेक आणि कॅनडात क्रिस होम हे दोघं एकमेकांपासून दूर, आपापल्या डोंगरांत हा प्रकार करत होते. पुढे होमनं डोंगरात टिकतील अशा एकचाकी बनवायला घेतल्या. जाड टायरचा जन्म अलास्काच्या बर्फातला आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळूतला. तो एकचाकीवर आला तो नंतर.

मी सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्येक गोष्टीला उत्तर काढलं. जपानची गोष्ट वेगळी. परदेशात काय, कशाच्याही स्पर्धा भरतात. आणि टायर एवढा जाड लागतो म्हणजे तोल मुळात टायरच सांभाळतो, त्यात हिचं काय? माहितीनं माणसाचं मत बदलतं असं मी वर्गात मुलांना सांगत आलो. माझं बदललं नाही. मत धरून ठेवायचं असलं की माणूस नवी माहिती आपल्याच बाजूच्या कामाला लावतो, हे मी त्या संध्याकाळी स्वतः केलं, आणि करताना मला ते दिसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती लळिंगकडे निघाली तेव्हा मी बरोबर गेलो. पोरगी पडली तर जवळ कुणी मोठं माणूस हवं, असं मी बहिणीला सांगितलं. मनात होतं ते वेगळं. ती पडावी आणि विषय संपावा, असं मला कुठेतरी वाटत होतं. सख्ख्या भाचीबद्दल.

धुळ्याच्या दक्षिणेला महामार्गाला लागून लळिंगचा किल्ला आहे. त्या बाजूची जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको: मुरूम, सुटे गोटे, पिवळं पडलेलं गवत, मध्येच वेडी बाभूळ, आणि खाली बघून चाललं नाही तर सराटे. धुळे-नंदुरबारच्या या पट्ट्यात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांमध्ये थिजला, आजूबाजूचा खडक झिजत गेला आणि या भिंती उरल्या. त्यांना डाइक म्हणतात. लहानपणी आम्हाला त्या कुणीतरी रचलेल्या वाटायच्या. अशाच एका भिंतीच्या उतारावर, मेंढरांनी पाडलेल्या वाटेनं, भाचीनं चढायला सुरुवात केली.

मी खाली उभा होतो, हात मागे बांधून. मैदानावर चुका शोधायला उभा राहायचो तसाच. ती दोन-तीन गोटे पार करायची आणि उतरावं लागायचं. पुन्हा चढायची, पुन्हा उतरायची. माझ्या मनात निकाल लागलेला होता.

तेवढ्यात एक म्हातारे मेंढपाळ मेंढरं घेऊन तिथं आले. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी. काठीवर हनुवटी टेकवून ते बराच वेळ बघत राहिले. आता हे हसतील, म्हणजे माझ्या बाजूला एक माणूस वाढेल, असं मला वाटलं. ते हसले नाहीत. भाची खाली आली तेव्हा त्यांनी विचारलं, “चढाले जास्त दम लागस का उतराले?”

“उतराले, बाबा,” ती म्हणाली. पुण्यात राहूनही तिची अहिराणी सुटलेली नाही. “इले फ्रीव्हील नही ना. चाक फिरनं की पाय फिरना.”

“मंग पाय थांबना का चाकबी थांबस?”

“थांबस. पन येकदम थांबना ते मी पुढे पडसू.”

म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि चाकाचा टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. हवा इतकी कमी का, हेही विचारलं. ती सांगत होती, ते ऐकत होते. डोंगरात रोज चालणारं एक माणूस डोंगरात चालणाऱ्या दुसऱ्या माणसाला कामाचं विचारत होतं. एवढंच चाललं होतं.

मी तिथंच उभा होतो आणि माझ्या लक्षात आलं की कालपासून मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. एकही नाही. पस्तीसेक वर्षं मुलांची शरीरं वाचण्याचं काम केलेला माणूस मी. कुणाचा गुडघा आत वळतो, कुणाचा श्वास उडी मारायच्या आधीच सुटतो, हे मी लांबून सांगायचो. इथे एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर पूर्वी कधी न पाहिलेली गोष्ट शरीरानं करत होती आणि मला काहीही जाणून घ्यायचं नव्हतं. म्हाताऱ्यांनी शाळा बघितली असेल-नसेल, पण शिक्षकानं जे करायला हवं ते त्यांनी केलं होतं. मी फक्त नाव ठेवलं होतं.

ती पुन्हा चढली तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

तोल म्हणजे स्थिर राहणं, असं मी मानायचो. इथे क्षणभरही स्थिर काही नव्हतं. हातावर उभी काठी धरताना काठी झुकेल तिकडे आपण हात नेतो, तसं चाक सतत तिच्या अंगाखाली आणलं जात होतं, पुढे, किंचित मागे, पुन्हा पुढे. दगड आला की ती जवळजवळ थांबायची, दोन्ही पायडल आडवे आणायची, एका हातानं सीटचा पुढचा दांडा घट्ट धरायची आणि पूर्ण वजन पुढच्या पायावर द्यायची. टायर दगडावर दबून त्याच्या आकाराचा व्हायचा आणि मग वर निघायचा. तिची नजर चाकाकडे नव्हती. तीन-चार हात पुढे, जिथे ती अजून पोचली नव्हती, तिथं होती. पडायची तेव्हा बहुतेकदा पायांवर उभी राहायची, कारण पुढे अडकायला हँडलच नाही. सायकल मागे पडायची.

टायरबद्दलही मी चुकीचं बोललो होतो. नंतर तिच्याकडून समजून घेऊन मी हिशेब मांडला. ती आणि सायकल मिळून पंचाहत्तर किलो धरले तर ते १६५ पौंड होतात. दोन चाकांवर ते वाटलं जातं, इथे सगळं एकावर. तिनं हवा ठेवली होती साधारण १२ पौंड. म्हणजे जमिनीला चौदाएक चौरस इंच टायर टेकतो, जवळपास तळहाताएवढा. साध्या सायकलीसारखी ८० पौंड हवा भरली तर दोन चौरस इंचच टेकेल, आणि मुरमावर किंवा गिरणा नदीच्या वाळूत ते चाक रुतून बसेल. जाड टायर जमीन पकडतो, हे खरं. पण तोल तो सांभाळत नाही. उलट तो जड असतो, फिरायला लावणं कठीण आणि थांबवणंही कठीण. हवा कमी असली की आडव्या उतारावर तो स्वतःच एका बाजूला ओढतो आणि चालवणाऱ्याला कंबरेतून त्याच्याशी सतत झगडावं लागतं. फ्रीव्हील नसल्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाची एकच फेरी, सव्वादोन मीटरच्या आसपास. उतारावरही पाय सोडता येत नाहीत. सीटखाली ब्रेकची मूठ असते, पण तो ब्रेक पायांच्या मदतीला आहे, पायांऐवजी नाही.

इतकं कळल्यावर माझं मत बदललं असं म्हणून मी थांबू शकलो असतो. पण परत येताना गाडीत मला माझंच वाक्य ऐकू येत राहिलं. मी ‘सर्कशीचे खेळ’ म्हटलं नव्हतं. ‘डोंबाऱ्याचे’ म्हटलं होतं. आणि त्या शब्दाबरोबर एक मुलगा आठवला.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, आमच्या शाळेच्या गावी गिरणेच्या काठाला डोंबाऱ्यांची पालं पडली होती. त्यांतला एक मुलगा काही महिने आमच्याकडे सहावीत बसला. एकदा मधल्या सुट्टीत तो मैदानाच्या कडेच्या भिंतीवरून चालत गेला. भिंतीचा माथा वीतभरही रुंद नव्हता. दोन्ही हात थोडे खाली, नजर पुढे, न थांबता. मुलं टाळ्या वाजवत होती. मी त्याला खाली उतरवलं, कान धरला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “हे रस्त्यावरचे खेळ इथे चालणार नाहीत.” त्याच मैदानावर, तिथून वीस पावलांवर, माझा मल्लखांब पुरलेला होता. त्यावर चढणाऱ्या मुलांना मी शाबासकी देत होतो.

मल्लखांबाला इतिहास आहे हे मला शिकवलं गेलं होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर मला पाठ होते. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला देशी खेळ दाखवून आलं, हे मी दर वर्षी मुलांना अभिमानानं सांगायचो. सर्कससुद्धा आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांसारख्या, हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकलेल्या माणसानं उभी केली, हेही मला माहीत होतं. दोरीवर चालणाऱ्यांचा तेवढा इतिहास मला कुणी शिकवला नाही, आणि मीही कधी विचारला नाही. खांबावरचा तोल मला विद्या वाटला. भिंतीवरचा तोल उनाडपणा वाटला. शरीर तेच करत होतं. फरक फक्त करणाऱ्याच्या घराचा होता. मी जात मानत नाही असं मी आयुष्यभर म्हणत आलो आणि माझ्या विषयाच्या अगदी गाभ्यात ती जपून ठेवली.

तो मुलगा त्यानंतर मैदानावर येईना. वर्गात यायचा, मागच्या बाकावर बसायचा. पालं उठली तेव्हा शाळाही सुटली. मी त्याला ओरडलो नसतो तरी पालं उठलीच असती, अशी समजूत मी काही वर्षं काढली होती. ती खरीही असेल. पण त्याच्याजवळ होतं ते मला शिकवायला येत नव्हतं, आणि माझ्या शिक्षणाचा उपयोग मी ते झाकायला केला.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिनं मला बरं वाटेल असं काहीच म्हटलं नाही, ते योग्यच केलं. सुट्टी संपल्यावर सायकल मात्र तिनं जळगावला माझ्याकडे ठेवली. आमच्या कॉलनीतली मुलं संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीला धरून शिकतात. सीटवर बसलं की पाय टेकत नाहीत म्हणून दोघांना दोन बाजूंनी आधार द्यावा लागतो. त्यांतला एक मी. काय करा ते मी सांगत नाही, कारण मला येत नाही. काय होतंय ते विचारतो. कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी सगळ्यांत आधी भिंत सोडून पुढे गेली. तिला विचारलं, कसं जमलं? ती म्हणाली, “खाली बघायचं सोडलं.”

त्या मुलाचा, म्हणजे आता पन्नाशीकडे आलेल्या माणसाचा, मी शोध घेतो आहे. शाळेच्या जुन्या हजेरीपटात नाव सापडलं, गाव म्हणून तिथं पालाची जागाच लिहिलेली आहे. चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याच्या बाजारांत विचारून झालं. भेटला तर माफी मागेनच, पण त्याला माझी माफी हवी असेलच असं मी धरून चाललेलो नाही. मला त्याला एक विचारायचं आहे. भिंतीवरून जाताना तुझी नजर नेमकी कुठे असायची? आणि दोरीवर ती तिथंच असते, की वेगळीकडे?