चौलची वाडी आणि इटलीचं तिकीट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग भाताची कापणी आली, मग पाहुणे. असो.

लेक आणि जावई यंदा दक्षिण इटलीत फिरून आले. रोज संध्याकाळी फोनवर फोटो यायचे. अमाल्फी, सोरेंटो, ओत्रांतो... समुद्रावर ओणवलेली घरं, मधेच एखादं जुनं चर्च, बोळातून वाळत घातलेले कपडे, डोंगरउतारावर लिंबाच्या बागा. "आई, पुढच्या वर्षी तुला घेऊनच जाणार. तुला फार आवडेल बघ." आवडेल की! न आवडायला काय झालं? पण फोटो बघताना सारखं वाटत होतं, हे मी कुठेतरी पाहिलंय. आणि चौथ्या की पाचव्या दिवशी लक्षात आलं, अगं बाई, हे तर आपलं चौल!

आमचे हे म्हणाले, "कुठे अमाल्फी आणि कुठे चौल!" सासुरवाडीबद्दल पुरुषमंडळींचं मत विचारू नये हेच खरं.

माझं माहेर चौलचं. १९७२ साली लग्न होऊन मुरबाडला आले, तेव्हा पहिले काही महिने मला रात्री झोप लागत नसे. आवाज होता म्हणून नव्हे, नव्हता म्हणून. पावसाळ्यात आमच्या ओटीवर समुद्राची गाज रात्रभर ऐकू येई. इकडे डोंगर, भातखाचरं आणि अंधार. पुढे शहापूर तालुक्यात शाळेत नोकरी लागली आणि इतिहास शिकवता शिकवता एक दिवस मला माझी तार सापडली. आमच्या मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट चढते. वर सातवाहनांची लेणी, नागनिका राणीचा शिलालेख आणि तो दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. दरवर्षी सहलीला मुलं मला हटकून विचारायची, "बाई, त्या नाण्यांचं पुढं काय झालं?" मी सांगायची, नाण्यांचं राहू दे, मालाचं विचारा. जुन्नरकडून बैलांच्या पाठीवर माल या घाटाने उतरायचा, कल्याण-सोपाऱ्याला जायचा आणि तिथून गलबतात चढायचा. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासमार्गदर्शकात कल्याण आणि सोपारा आहे, तसंच चौलही आहे. म्हणजे माझं सासर आणि माहेर एकाच व्यापारातली दोन टोकं. लग्न जुळवताना कोणी एवढा विचार केला नसेल!

आणि समुद्रापलीकडचं टोक? ते दक्षिण इटलीत. नेपल्सजवळचं पुतेओली हे तेव्हा रोमचं मोठं बंदर, पूर्वेकडचा माल तिथे उतरे. त्याच किनाऱ्यावरचं पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथे उत्खननात एक वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती बाई सापडली. अंगभर दागिने, शेजारी दोन दासी. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाली आहे. पॉम्पेईची बाई आता नेपल्सच्या संग्रहालयात असते. लेकीला म्हटलं, "तिला भेटलीस का?" तर म्हणे, "वेळ नाही मिळाला गं." लिंबाचं आइस्क्रीम खायला मात्र मिळाला!

पण मी म्हणते चौल आणि अमाल्फी सारखी, ती समुद्रामुळे नव्हे. समुद्र काय, सगळीकडे खारटच. सारखेपणा असा की दोन्ही गावं एकेकाळी फार मोठी होती, मग मोठेपण गेलं आणि माणसं मात्र राहिली. अमाल्फी स्वतंत्र राज्य होतं, त्याची जहाजं कुठकुठे जात. १३४३ च्या समुद्री लाटेत खालचं बरंचसं गाव वाहून गेलं. आमच्या चौल-रेवदंड्यावर लाट आली नाही, मुंबई आली. (मुंबईने चौलचा व्यापार घेतला आणि आमच्या शहापुराचं पाणी. तानसा, भातसा आमच्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरही आमच्याच वाड्यापाड्यांत. पण तो विषय आज नको.)

चौलला कोण आलं नाही! अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास घोडा विकायला घेऊन इथे उतरला. गोरा माणूस बघायला लोक त्याच्या मागे मागे फिरत, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. पुढे तो जुन्नरला गेला, म्हणजे पुन्हा आमच्या नाणेघाटाच्या माथ्यावर. १९५७ साली त्याच्यावर 'परदेसी' नावाचा सिनेमा निघाला होता, नर्गिस आणि बलराज साहनीचा. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. मग पोर्तुगीज आले, दोनशे वर्षांहून जास्त राहिले आणि १७४० साली मराठ्यांनी त्यांना घालवलं. ते गेले, पण खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही लोक घरात पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. बाजारात आले की आपल्याशी चोख मराठी! बेने इस्रायली मंडळी होती, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. त्यातली बहुतेक इस्रायलला गेली. त्यांचं सिनेगॉग रेवदंड्यात आहे. आणि जवळच आक्षीला शके ९३४ चा मराठी शिलालेख.

लहानपणी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. रेवदंड्याच्या कोटाच्या आत वाड्या आहेत, तटाच्या भिंतीला लोकांनी गुरं बांधलेली, मोडक्या चर्चच्या सावलीत नारळांचा ढीग. सातखणी मनोरा म्हणजे आम्हाला घर जवळ आल्याची खूण. (सात खण आता उरलेले नाहीत, नाव तेवढं आहे.) मला वाटतं अशा गावांची ओढ यातच असते. परक्यांनी टाकून दिलेलं घेऊन माणसं त्यातच गुपचूप संसार करतात, त्याची मिरवणूक काढत नाहीत.

आता मुद्द्याचं सांगते. आमची वाडी विकायचं चाललंय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारात आमच्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. दादाने पुन्हा रोपं लावली. पण पोफळ धरायला सात-आठ वर्षं लागतात आणि दादा अठ्ठ्याहत्तरचा. झाडावर चढणारा गडी मिळत नाही, मिळाला तर सांगेल ती मजुरी. मुलं नवी मुंबईत. मुंबईच्या एका गृहस्थांनी चांगला भाव सांगितला आहे, त्यांना रिसॉर्ट करायचं आहे. कागदावर माझी सही लागते. दादाचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही. आणि पैसे मला नकोत असंही नाही, ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन राहिलं आहे.

मागच्या महिन्यात ते गृहस्थ वाडी बघायला आले तेव्हा मी तिथे होते. माणूस सभ्य, वाकून नमस्कार केला. विहिरीवर मोडका रहाट आहे, माझे आजोबा बैल लावून त्यावर शिंपण करायचे. तो बघून गृहस्थ खूश. म्हणाले, "हा आम्ही ठेवणार काकू, शोसाठी. रात्री लाइटिंग करू." वहिनी आत निघून गेली. मी चहा दिला.

त्या रात्री दादाला म्हटलं, मागची पडीक बाजू खुशाल दे, मी लगेच सही करते. पुढची वाडी, घर आणि विहीर ठेव. पुतण्याने तिथे दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात, नागाव-चौलला आता कितीतरी घरांतून देतात. वहिनीच्या हातचे उकडीचे मोदक खाल्ले तर इटलीचा माणूससुद्धा परत येईल. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गिऱ्हाईक अर्धी घेणार नाही." मी म्हटलं, "विचारून तर बघ."

काल फोन आला. पुतण्या रविवारी येऊन खोल्यांची मापं घेऊन गेला म्हणे. गृहस्थांचं उत्तर अजून नाही. आणि दादा म्हणाला, "गडी मिळाला होता, पंचवीस नारळ काढून ठेवलेत. येशील तेव्हा पिशवी आण, मागच्या वेळची परत दिली नाहीस."