कंट्रोलर घेताना आधी विचारा : आउटपुट कोणतं?

आंबे बहार झाडावर, शेततळ्यातलं पाणी मोजकं आणि थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री. त्यामुळं ठिबकला ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवावा का, असं बरेच जण विचारतायत. बसवा. फक्त मोबाईल ॲपवर भाळू नका. व्हॉल्व्ह उघडतो तो डिजिटल आउटपुट मॉड्यूलमुळं, आधी ते बघा.

आउटपुट तीन प्रकारचं. रिले म्हणजे आतला छोटा स्विच. एसी-डीसी दोन्ही चालतं, पण पॉइंट झिजतात. ट्रान्झिस्टर फक्त डीसीला. ट्रायॅक फक्त एसीला, आणि बंद असतानाही त्यातून थोडा करंट झिरपतो. आपले बरेच सोलेनॉइड व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीचे. तिथं ट्रान्झिस्टरवाला डबा कुणी स्वस्तात गळ्यात मारला तर काय उपयोग?

रिले झिजतो म्हणून घाबरू नका. दिवसाला १० वेळा चालू-बंद झाला तर वर्षाला ३६५०. चांगला रिले पूर्ण लोडवर साधारण एक लाख वेळा चालतो. मशीनवर सेकंदाला दहादा चालू-बंद करायचं असेल तिथं ट्रान्झिस्टर बरा, शेतात रिलेच.

पंपाच्या स्टार्टरची कॉइल मात्र आउटपुटला थेट जोडू नका. ती ४१५ व्होल्टची असू शकते. मध्ये वेगळा रिले टाका. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते; डीसी कॉइलवर डायोड, एसीवर स्नबर लावून घ्या. नाहीतर पॉइंट चिकटतात. मग डब्यावरचा दिवा बंद आणि व्हॉल्व्ह चालूच! दिवा फक्त हुकूम सांगतो, पाणी गेलं का ते नाही. पाइपवर प्रेशर गेज हवाच, जमलं तर वॉटर मीटरही.

मोजणी अशी करा : सहा व्हॉल्व्ह, एक पंप, एक खताचा पंप, झाले आठ. आठचा डबा घेतला तर एक पॉइंट जळाला की एक प्लॉट तहानलेला. १६ चा घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाईट गेली की आउटपुट बंद, व्हॉल्व्ह बंद. लाईट आली की स्टार्टरचा 'ऑटो' पंप लगेच उचलतो, व्हॉल्व्ह अजून मिटलेलेच. पाइप फुटतो, तळ्यातलं पाणी वावरात. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्याकडं मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. पाण्याची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून 'ऑटो' काढा. आधी व्हॉल्व्ह, मग पंप. प्लॉट बदलताना पुढचा उघडल्यावरच मागचा बंद. शेवटी आधी पंप बंद, मग व्हॉल्व्ह. हा क्रम प्रोग्राममध्ये टाकून घ्या आणि मेन स्विच पाडून, परत चढवून स्वतः बघा. पैसे त्यानंतर द्या.